दादाची गाडी डावीकडे ओढते

दादाला जाऊन दोन महिने झाले आणि त्याचे किस्से वाढतच चाललेत! घरात नाही. घरात कुणी तोंडच उघडत नाही. वाढतायत ते त्याच्या ऑफिसात.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. गाड्यांच्या लढाईचा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो गाड्या डिझाइन करायचा. डेंगू झाला, आठ दिवसांत गेला. मी नववी नापास, पोलोग्राउंडला गॅरेजात स्कूटरी दुरुस्त करतो. त्याचा डबा आणायला ऑफिसात गेलो तर त्यांनी चहा पाजला, एक किस्सा सांगितला. आता दर शनिवारी जातो आणि जळून परत येतो. दिवसाचे नऊ तास दादा यांच्या वाट्याला होता! प्रत्येक किश्शात मी माझं नाव यायची वाट बघतो. येत नाही.

*

त्यांचे बॉस नितीनजी सांगत होते. दादाला काम दिलं होतं, गेममधली सगळ्यात छोटी गाडी, पण एकदम डेंजर. दादाने त्या चिमुकलीवर एवढी मोठी तोफ चढवली की पहिला गोळा सुटला आणि गाडीच उलटी उडून नाल्यात! दुश्मन जागच्या जागी उभा.

नितीनजींनी विचारलं, "भिया," म्हणजे भाऊ, "मारायचं कुणाला आहे?"

दादा म्हणाला, "गोळा सरळ गेला ना? गाडीचं नंतर बघू!"

सगळे टेबल बडवून हसले. घरी तो जेवायचा आणि झोपायचा.

*

तोफ काढल्यावर दादाने ठरवलं, गाडी मागून जिरावन उडवेल. आपण पोह्यांवर टाकतो तोच मसाला! दुश्मन शिंकेल, गाडी पळेल. धूर कसा दिसतो ते बघायला त्याने घरचा अख्खा डबा टेबलफॅनसमोर उधळला.

"दोन दिवस आम्ही शिंकत होतो," शेजारच्या टेबलावरची श्रुती म्हणाली. "एसीतून पोह्यांचा वास!"

डबा गायब झाला तेव्हा आईने मला झापलं होतं. दादा समोर बसून पोहे खात होता. फिके.

*

हॉर्नचे आवाज रेकॉर्ड करायला तो श्रुतीला स्कूटरवरून राजवाड्यापुढच्या चौकात घेऊन गेला. मला कधी नेलं नाही. तिथे एका ऑटोवाल्याला म्हणाला, "भिया, जरा हॉर्न वाजवा ना." ऑटोवाला म्हणाला, "आधी समोरून हट, मग वाजवायची गरजच नाही!"

श्रुती हसता हसता म्हणाली, "आणि तुझ्या दादाची ती स्कूटर! सारखी डावीकडे पळायची. बिचारा हँडल वाकडं धरून सरळ चालवायचा."

मी कपात बघत बसलो. पुढचं चाक मीच बसवलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला होता, "मक्खन चालतेय, छोटे!"

*

मग मीही एक सांगितला. लहानपणी नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, त्या जुन्या समाध्यांजवळ, दादाने माझी चप्पल नदीत फेकली, आणि आई एकट्या मलाच रागावेल म्हणून स्वतःचीही फेकली. दोघं अनवाणी घरी!

कुणी हसलं नाही. नितीनजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. श्रुती म्हणाली, "सॉरी."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या किश्शांना हसता, माझ्या किश्शाला सॉरी? तो भाऊ माझा होता!" कप आपटला आणि निघालो.

*

"थांब भिया, एक राहिलाय."

हा अमेय. दिवसभर गेम खेळून चुका शोधणं हेच त्याचं काम. सहसा बोलत नाही. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"गेममधली तुझ्या दादाची गाडी चालवून बघितली, तर डावीकडे ओढत होती. मी चूक लिहून पाठवली. त्याने न सुधारताच परत केली. पुन्हा लिहिली, पुन्हा परत. तिसऱ्यांदा मी भडकलो. म्हटलं, निदान कारण तरी लिहा! तर हे लिहिलं. आम्हाला आजवर कळलेलं नाही."

मी वाचलं.

"ओढणारच. माझ्या भावाने रिपेर केलीय. हात लावायचा नाही."