करंट लावण्याआधीचं पाणी

वानखडे सरांची आणि माझी पहिली भेट रिसोडच्या बसस्टँडवर झाली. प्रयोगशाळेत भांडून मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षातच सोडली होती. तरी रोज स्टँडवर जायचो, कारण प्रणाली त्याच कॉलेजात शिकायची. सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आमच्याच गावचे. शेजारी येऊन बसले.

“कॉलेज काहून सोडलं रे?”

“डोकं फिरलं, सर.”

“फिरलं त फिरलं. हात त रिकामे हायेत ना? उद्या ये.”

गेलो, तो आजतागायत जातोच आहे.

आमच्या शिवारात युरिया सढळ हातानं पडतो. पिकानं घेऊन उरलेला नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. हे पाणी तान्ह्या लेकराच्या दुधात घालू नका, असं सर घरोघर सांगत. पण नुसतं सांगून थांबणारे ते नव्हेत. शेडमध्ये तांब्याच्या पट्ट्या आणि सोलर पॅनल जोडून त्यांनी यंत्र उभारलं. पाण्यात करंट सोडला की नायट्रेटचा अमोनिया होतो, आणि तो खत म्हणून परत वावरात जातो. तपासायचं द्रावण थेंबभर टाकलं, की अमोनिया असलेलं पाणी पिवळं होतं. जास्त असला तर तपकिरी.

मध्यंतरी प्रणाली हो म्हणेल की नाही या काळजीनं माझं जेवण सुटलं होतं. सरांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. “प्रेम करून राह्यला त कर बापा, उपाशी कायले राह्यतं?” पुढे एक शब्द विचारला नाही.

पहिलं जाहीर प्रात्यक्षिक गजाननकाकांच्या विहिरीवर ठरलं. काका म्हणजे प्रणालीचे वडील. अर्धं गाव जमलं. विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवलं होतं. सरांनी त्यातल्या करंट लावलेल्या पाण्यात थेंब टाकले, आणि पाणी एकदम गडद तपकिरी! टाळ्या पडल्या. काका म्हणाले, “सर, आता युरियाची गोनी घरीच बनते म्हना!”

सर मात्र हसले नाहीत. त्याच कॅनमधलं, करंट न लावलेलं पाणी त्यांनी दुसऱ्या नळीत घेतलं. थेंब टाकले. तेही तपकिरी.

मागून कोणी बोललं, “मंग करंट कायले लावला? पान्यालेच लाज वाटली असन!”

मी धावलो त्याच्या अंगावर. सरांनी मनगट धरलं. “इचारलं त्यानं बरोबर. त्याले उत्तर द्याचं असते, मारायचं नसते.” मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, “हा अमोनिया आमच्या यंत्राचा नाही. भांड्यातून आला. भांडं मी तपासलं नाही. चूक माझी.”

पंचाहत्तरीला टेकलेला माणूस टाळ्या परत करत होता. प्रणाली ओट्यावर उभी होती. मी मान खाली घालून नळ्या गोळा करू लागलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी नवी कॅन आणली. कोणी, काय, कसं, काही विचारलं नाही. फक्त धुवायला शिकवलं: तीन खेपा साध्या पाण्यानं, चौथी ज्या विहिरीचं पाणी भरायचं तिच्याच पाण्यानं. पुन्हा गाव बोलावलं. करंटआधीचं पाणी नितळ राहिलं. करंटनंतरचं फिकट पिवळं झालं.

“एवढंच?” काकांनी विचारलं.

“एवढंच. पन हे खरं हाय.”

त्यानंतर काकांनी आपल्या विहिरीवर यंत्र कायमचं बसवू दिलं.

सरांच्या पंचाहत्तरीचा हा गौरव अंक काका वाचतील, प्रणालीही वाचेल. वाचू देत. पहिल्या खेपेची कॅन मी भरली होती. तिच्यात आदल्या दिवशी पिकाला द्यायचं गोमूत्राचं जीवामृत होतं, अमोनिया त्याचाच. प्रणालीची बस गाठायची घाई होती, म्हणून एकदाच खंगाळली. सरांची चूक नव्हती, माझी होती.

सर, तुमची शंभरी आम्ही तुमच्या शेडमध्येच साजरी करू. तोवर तुमचे डोळे तेज राहोत, हात स्थिर राहोत, आणि मला चार माणसांत रागवण्याइतका आवाज खणखणीत राहो. आता तरी रागवा.