सान पेद्रोच्या शेजारी बसलो तेव्हा

आधीच सांगतो, मी मेकॅनिकलचा माणूस. करणी, दृष्ट, लागीर... असल्या विषयांवर आईशी कायम वाद घालणारा. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

२०१४. शिक्षणासाठी परदेशात, ब्राउनश्वाइगला होतो. चौथ्या मजल्यावरच्या शेअर्ड फ्लॅटमध्ये आम्ही तिघं – मी, नाशिकचा समीर आणि पेरूची लुसिया. थिसिस अडकल्यापासून समीर पार खचला होता, डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. याच्या काढ्याने भास होतात, मन मोकळं होतं, असं कुठेतरी वाचून त्याने सान पेद्रो आणला. शोभेचा निवडुंग म्हणून मिळतो इथे.

कुंडी बघून लुसियाचा चेहराच उतरला. "आमच्या डोंगरात याचा विधी असतो. जाणता माणूस आधी तुझी सगळी विचारपूस करतो, उपास सांगतो, शेवटपर्यंत सोबत बसतो. तू तर गोळ्या घेतोस! तुला त्यांनी हातसुद्धा लावू दिला नसता."

"जा, जा," समीर म्हणाला. ऐकलं नाहीच.

रविवारी दुपारी लुसिया बेकरीत कामाला गेली आणि याने काढा केला. मी त्याच्या खोलीत पोचेपर्यंत कप रिकामा! "तू फक्त शेजारी बस रे," म्हणाला. बसलो. मी थेंबभरही घेतला नव्हता, शपथेवर सांगतो.

तासाभरात उलट्या सुरू झाल्या. मग घाम, थरथर, आणि नाडी इतकी पळत होती की मला मोजताच येईना. दोघांचेही फोन किचनमध्ये. मी उठलो, तर खोलीचं दार बंद.

"केदार, दार कशाला लावलंस?" समीरने विचारलं.

"मी नाही लावलं."

हँडल दाबलं... हलेना. खांदा मारला, लाथा घातल्या. सर्वांत भयंकर म्हणजे कशाचाच आवाज होत नव्हता. मागे समीर "मला बाहेर काढ" म्हणत होता, मग तेही थांबलं. वाटलं, हा इथेच जाणार आणि मी बघत बसणार.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. कामावरून परतलेली लुसिया! मागोमाग अँब्युलन्सची माणसं.

समीर वाचला. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांवर हे घेणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यांनी माझीही तपासणी केली. काही सापडलं नाही.

त्या रविवारीच संध्याकाळी लुसियाला विचारलं, "दार कसं उघडलंस?"

"दार उघडंच होतं, केदार. मी उंबऱ्यातून तुला हाका मारत होते, तिथूनच ११२ ला फोन केला. तू माझ्यासमोर उभा राहून हवेत लाथा मारत होतास."

घाबरलो होतो, मान्य. पण समीरलाही ते दार बंदच दिसलं होतं. त्याचं कारण काढा म्हणता येईल. माझं काय?... खरंच माहीत नाही.