फौजदाराचा शेजारी

दादा गेल्याचं मला त्याच्या मुलाने कळवलं नाही. कर्जतच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमातून फोन आला. "तुम्ही वसंतरावांच्या बहीण ना? मुलाचा फोन लागत नाहीये," तिथल्या बाई म्हणाल्या. मी कुकर लावत होते. गॅस बंद केला. मला आधी रडू आलं नाही, संताप आला. त्याला आता दीड महिना होईल, आणि तो अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहायचे असतात, पण ते मला जमेलसं वाटत नाही.

तसा दादाही गोड नव्हता. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो फोरमन होता, आणि घरातही फोरमनच राहिला. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा. वहिनीने ते जन्मभर सोसलं. ती गेल्यावर खरवईच्या फ्लॅटमध्ये तो एकटाच उरला, आणि नातेवाइकांचं येणंजाणं आपोआप थांबलं. त्याच सुमारास उल्हासनगरच्या बाजारातून त्याने एक फ्लावरहॉर्न आणला. लालभडक मासा, कपाळावर हे एवढं टेंगूळ. काचेपाशी बोट नेलं तरी चावायला धावायचा. दादाने त्याचं नाव फौजदार ठेवलं. दुकानदार किशनभाई सिंधी, मोठा गप्पिष्ट माणूस. त्याने दादाला तेव्हाच बजावलं होतं, "साईं, ये अकेला ही रहेगा. इसके साथ कुछ मत डालना."

दादाने अर्थातच ऐकलं नाही. टाकीत दुसरा मासा सोडला, तो फौजदाराने संध्याकाळपर्यंत फाडून टाकला. त्यानंतर आणलेल्याचंही तेच झालं. मी चिडून म्हटलं, कशाला जीव घेतोस बिचाऱ्यांचे? मग तो पुन्हा किशनभाईकडे गेला, तासन् तास विचारत बसला, आणि येताना एक चांगला मोठा, खवल्यांचं चिलखत घातल्यासारखा काळा, काचेला चिकटून राहणारा सकर मासा घेऊन आला. या वेळी मात्र त्याने घाई केली नाही. टाकीच्या मधोमध भोकं पाडलेली पारदर्शक प्लास्टिकची पाटी बसवली. एका बाजूला फौजदार, दुसऱ्या बाजूला सकर. पाणी एकच, पण तोंड पोहोचत नाही. फौजदार पाटीवर धडका मारायचा आणि दादा समोर खुर्ची टाकून बघत बसायचा. कितीतरी आठवडे! धडका कमी झाल्या, मग थांबल्या. तरी पाटी काढली नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "सुमे, आता तो नुसता दमलाय. सवय व्हायची आहे अजून."

अखेर एका रविवारी त्याने मला मुद्दाम विठ्ठलवाडीहून बोलावून घेतलं. आधी फौजदाराला पोटभर खाऊ घातलं. मग टाकीतले सगळे दगड हलवले, फौजदाराचं लपायचं मडकं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेलं. कशासाठी, तर आपली जागा कुठली हेच त्याला कळू नये, म्हणजे जागेसाठी भांडणार नाही. दिवा मालवला आणि हलक्या हाताने पाटी वर ओढली. फौजदार सकरपाशी गेला, त्याच्याभोवती फिरला, एकदा ढुशी मारली... आणि वळून मडक्यात जाऊन बसला. दादाचे डोळे भरून आले होते. वहिनीच्या वेळी मी ते कोरडे पाहिले होते.

पुढे दादा बाथरूममध्ये पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि त्याचा मुलगा नितीन त्याला अंबरनाथ पश्चिमेला आपल्या घरी घेऊन गेला. घरात त्याचे सासू-सासरे आधीपासून राहत होते. दादाची खाट हॉलमध्ये टाकली, टीव्हीच्या समोर. चालता येत नाही, दिवसभर मालिका चालू, लघवीचं भांडं मागायचं तर व्याह्यांसमोर. दादाने एक दिवस ताट फेकलं, व्याह्यांना नको ते बोलला. मी लगेच नितीनला म्हटलं, माझ्याकडे आण त्याला. तर म्हणे, "मुलगा असताना बहिणीकडे ठेवलं तर लोक काय म्हणतील, आत्या?" आणि त्याच आठवड्यात, मला न सांगता, त्याला आश्रमात नेऊन सोडलं. आश्रमात सोडलेलं लोकांना दिसत नव्हतं का?

मी शोधत गेले तेव्हा एका खोलीत सहा खाटा होत्या. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी दिवसाआड खरवईला जाऊन माशांना खाणं घालते हे त्याला माहीत होतं. एवढंच म्हणाला, "टाकी हलवू देऊ नकोस कोणाला." तुला घरी नेते, रिक्षा-गाडी बघून येते, असं सांगून मी निघाले. गाडीचा दिवस ठरला होता. त्याच्या आदल्या सकाळी तो फोन आला.

तेराव्याला नितीन जमलेल्यांना सांगत होता, बाबांचं कोणाशी जमतच नव्हतं. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या हातातली पळी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. एका माशाचं दुसऱ्याशी जमावं म्हणून हा माणूस महिनोन् महिने खुर्चीवर बसून होता. त्याच्यासाठी कोण बसलं?

फ्लॅट रिकामा करायचा म्हणून टाकी हलवावीच लागली. टेम्पोत पिंपांत पाणी भरून मी ती माझ्या घरी आणली. इथे आल्या आल्या फौजदार सकरवर तुटून पडला, शेपटीचा लचका काढला. मी पाटी पुन्हा मधे बसवली, दगड हलवले, आणि आता रोज दुपारी खुर्ची टाकून बसते.

परवा नितीन आला. टाकीसमोर उभा राहून म्हणाला, "मधे ही पाटी कशाला, आत्या? दोघं इतके दिवस एकत्र राहिलेत की."

"घर बदललं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं," मी म्हटलं.

फौजदार पाटीवर धडका मारत होता. मी नितीनला चहा विचारला नाही.