सासूबाईंचं नाक

आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी एक फ्रिज होता, पण शेवटचा शब्द माझ्या सासूबाईंच्या नाकाचा. कालचं दूध चालेल का, परवाची भाजी मुलांना द्यावी का, अशी शंका आली की बायका भांडं घेऊन आमच्या दारात हजर. सासूबाई डोळे मिटून झाकण बोटभर सरकवत आणि लांब श्वास घेत. मग विचारत, "कधी केलंय? कुठे ठेवलं होतं?" आणि निकाल देत: "खा" किंवा "टाक". त्यावर अपील नाही.

माझं त्या नाकाशी जुनं वैर. लग्न होऊन आल्यापासून माझ्या निम्म्या भाज्या "वास येतोय" म्हणून कचऱ्यात गेल्या. मी धुसफुसत टाकायचे. नवरा म्हणायचा, "आईचं नाक चुकत नाही." हुबेहूब तेच नाक त्याच्याही तोंडावर असल्यामुळे त्याच्या मताला मी किंमत देत नसे.

त्या उन्हाळ्यात तळमजल्यावरच्या टेलरभाऊंनी स्वतःचं दुकान काढलं. त्या आनंदात सगळ्या बिल्डिंगला दुपारी जेवायला बोलावलं, आणि सकाळीच भाताचं भलंमोठं पातेलं घेऊन आमच्याकडे आले. घामाघूम झाले होते. सासूबाईंनी श्वास घेतला.

"कधी केलाय?"

"आत्ताच उतरवला, काकू."

"खा," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही खाल्ला. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमधला एकही संडास रिकामा राहिला नाही. तिसऱ्या मजल्यावरचे वकील, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, आमच्या संडासाचं दार ठोठावत "ताई, दोनच मिनिटं" म्हणून गयावया करत होते. आत मी होते. दाद लागली नाही. नवरा बादली कवटाळून म्हणाला, "आईचं नाक..." आणि पुढचं वाक्य बादलीत गेलं.

आज हसू येतं, पण टेलरभाऊंच्या म्हाताऱ्या आईचं अंग उलट्यांनी पार सुकलं. तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती सासूबाईंची एकुलती एक मैत्रीण. दोघी रोज जिन्यात बसून जगाला नावं ठेवायच्या. सासूबाईंचं स्वतःचं पोट बिघडलं होतं, तरी त्या मैत्रिणीचंच नाव घेत होत्या. त्यांना तसं बघून मला फार वाईट वाटलं, वैर असूनही.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्यातली एक मुलगी बर्फाचा डबा घेऊन आली. ती उरलेल्या भाताचा नमुना घेत असताना टेलरभाऊंच्या घरी आम्ही सगळे जमलो.

"पण ह्याला वास नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, अन्न नासवणारे जंतू वेगळे, त्यांचा वास येतो. माणसाला आडवं करणारे बरेचदा पत्ताच लागू देत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात, विष सोडतात. मग कितीही गरम करा, ते विष जात नाही." आणि टेलरभाऊंकडे वळून तिनं विचारलं, "कधी केला होता? कुठे ठेवला होता?"

हे तर सासूबाईंचेच प्रश्न. टेलरभाऊंनी मान खाली घातली. "आदल्या संध्याकाळी केला. फ्रिजमध्ये मावेना, ओट्यावरच राहिला. खरं सांगितलं असतं तर काकूंनी टाक म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं," म्हणत सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "मला वास येतच नाही रे. मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून नाक मेलंय. मी तोंड बघून सांगते. शिळं आणणारा माझ्याकडे बघत नाही, भांड्याकडे बघतो. तूही भांड्याकडेच बघत होतास. मला वाटलं, दुकानाच्या धास्तीनं."

"मग वासाचं नाटक कशाला, आई?" मी विचारलं.

"माणसाला तोंडावर खोटारडा कसं म्हणायचं? वासावर ढकललं की कुणी दुखावत नाही."

"आणि माझ्या भाज्यांना यायचा तो वास?"

"तो तुझ्या तोंडावर यायचा."

भाज्या परवाच्याच असायच्या.

घरून डबा घेऊन आम्ही लगेच दवाखान्यात गेलो. मैत्रीण सलाइन लावून पडली होती, पण शुद्धीवर होती. सासूबाईंनी तिला सगळं सांगून टाकलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "जिन्याखाली उंदीर मेला तेव्हा सगळे नाक दाबून पळत होते. तू खुशाल गप्पा मारत बसली होतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुझ्या दाराशी कोण आलं असतं?"

सासूबाई तिचा हात धरून ढसाढसा रडल्या. म्हातारीनं मात्र माझ्या हातातल्या डब्याकडे बोट दाखवलं. "काय आणलंय सूनबाईनं?"

"सूप," मी म्हणाले.

"कधी केलंय?" सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं. झाकणाला त्यांनी हातही लावला नाही. सरळ माझ्याकडे बघत राहिल्या.

'आत्ताच' हा शब्द माझ्या ओठावर आला होता. नवऱ्याची उस्तवार करता करता सूप ओट्यावरच राहिलं होतं. निघताना गरम करून डब्यात भरलं होतं.

"कालचं आहे, आई," मी म्हणाले. "रात्रभर बाहेर होतं."

"टाक," दोघी एकदम म्हणाल्या.