जोडीदाराचं आचरण

इथे बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे रविवारी सकाळी ऑफिसात येऊन नुकता बसलो होतो, तेवढ्यात जिदहफ्स भागातून सदाच्या शेजारच्या मंगलवहिनींचा फोन आला. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, माझा त्यांच्याकडे होता, पण इतक्या वर्षांत आमचं बोलणं दोन-तीनदाच झालेलं. "साहेब, सदा गेला," त्या म्हणाल्या. "गुरुवारी. हिद्दला, कामावरच. छातीत कळ आली म्हणून बसला, तो उठलाच नाय. काल सगळं आटपलं." मी म्हटलं, "काल? अहो, मग मला आधी का नाही…" त्या म्हणाल्या, "आला असतात?" आणि फोन ठेवला. मी समोरचा चहा पिऊन टाकला, दोन ई-मेलना उत्तरं लिहिली, अकराच्या मीटिंगला जाऊन बसलो. माणूस किती निर्लज्ज असू शकतो, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं असं नाही. ते मला एकोणीस वर्षांपासून ठाऊक आहे.

सदानंद माझा कोण, असं कुणी विचारलं तर पंचाईत होते. मित्र म्हणायची माझी लायकी नाही. आम्ही 'जोडी' होतो. आमच्या सत्संग मंडळाची अशी पद्धत होती की शिक्षण संपलं की मुलांनी दोन वर्षं सेवेला द्यायची. मंडळ सांगेल त्या देशात जायचं आणि तिथल्या हातावर पोट असलेल्या मराठी कुटुंबांत प्रार्थना, नामस्मरण, व्यसनमुक्तीचं काम करायचं. मी इचलकरंजीचा, तो गुहागरकडचा. बाविशी-तेविशीतले आम्ही दोघे बहारीनला उतरलो. मंडळातल्याच एका व्यापाऱ्याने व्हिसा दिलेला. सकाळी त्याच्या गोदामात खोकी उचलायची आणि संध्याकाळी पांढरे कुडते चढवून लोकांची दारं वाजवत हिंडायचं. हिंडायचं तेही जोडीनेच, एकाने दुसऱ्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. दर शनिवारी मुख्य केंद्राला पत्रक पाठवायचं, दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न दाखवता. त्यातला शेवटचा रकाना होता 'जोडीदाराचं आचरण'. त्या वयात मला त्या रकान्याचं केवढं भूषण वाटायचं, काय सांगू!

आणखी एक नियम होता, आणि तो कोकणातल्या माणसांत राबवायचा म्हणजे शुद्ध वेडेपणा होता. ज्या घरात मासे शिजतात त्या घरी अन्न तर नाहीच, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आता मला सांगा, दापोली-गुहागरचा माणूस, एसीच्या कामाने दिवसभर गच्चीवर भाजून निघालेला, संध्याकाळी दुसरं काय खाणार? पण आम्ही आपल्या बाटल्या खांद्याला लटकवून जायचो. बाई चहा घेऊन यायची, आणि आम्ही हात जोडून पाठ केलेलं वाक्य म्हणायचो, "ताई, प्रेम पोहोचलं, चहा नको." ती कपबशी तशीच परत आत जायची. त्या बायांची तोंडं कशी उतरायची, हे मी कधी पाहिलं नाही. सदाने पाहिलं. परत येताना बसमध्ये म्हणायचा, "वर्गप्रमुख, आपण ह्यांना देव द्यायला आलोत की ह्यांची लाज काढायला?" मला तो चिडवून 'वर्गप्रमुख' म्हणायचा. त्याचा आवाज बेसूर, पाठांतर कच्चं, पण माणसं त्याच्याभोवती जमायची. एखाद्या दारुड्यासमोर मी तासभर बोललो तरी पालथ्या घड्यावर पाणी, आणि सदा त्याच्याबरोबर कूलर उघडून बसायचा नि तासाभरात तो माणूस त्याला घरचं सगळं सांगून मोकळा. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. खरं सांगतो, माझ्या पोटात दुखायचं.

जिदहफ्सला एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत तुकारामदादा आणि मंगलवहिनी राहायचे. दादा एसी मेकॅनिक, सदाच्याच तालुक्यातले. एका संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला गेलो तर दादा भिंतीला टेकून बसलेले. आदल्या दिवशी गावाकडे त्यांची आई वारली होती. कंपनीने लीव्ह दिली नव्हती. सीझन आहे, यल्ला, चल, काम कर, म्हणून फोरमनने वाटेला लावलेलं. घरात चूल पेटवायची नाही म्हणून शेजारच्या खोलीतल्या बाईने पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. दुखवट्याच्या घरी बाहेरच्या एखाद्या पुरुषाने पानाला बसायचं, स्वतः पहिला घास घ्यायचा, मग घरच्याला घ्यायला लावायचं, ही आपल्याकडची साधी रीत. पण शेजारणीचा नवरा शिफ्टवर, बाकीचे कामावर. बाहेरचे असे आम्ही दोघेच. वहिनी रडत म्हणाल्या, "दोन दिस ह्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नाय. भावांनो, तुमच्यापैकी कोणीतरी बसा हो… एक घास घ्या नुसता." आणि मी, शहाणा मी, हात जोडून म्हणालो, "ताई, प्रेम पोहोचलं…" माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सदा खाली बसला. त्याने भाकरी मोडली, पिठल्याला लावली, खाल्ली. दुसरा तुकडा दादांच्या तोंडाशी नेला. दादांनी तो घेतला आणि मग लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. मी दारातच उभा होतो, खांद्याला बाटली लटकवून.

शनिवारी मी पत्रक लिहिलं. 'बंधूने मत्स्याहारी घरातील भांड्यात शिजलेले अन्न ग्रहण केले. समज देऊनही पश्चात्ताप नाही.' समज मी काहीच दिली नव्हती. त्या वाक्यातला तो भाग शुद्ध थाप आहे. नियमासाठी लिहिलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. वरून कीर्तन, आतून तमाशा! वर्षअखेरीला बहारीनच्या कामाचा प्रमुख नेमायचा होता, आणि सगळी कुटुंबं सदाचं नाव घेत होती. बस, एवढंच होतं. दहाव्या दिवशी त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. बॅग भरताना तो माझ्याकडे बघत होता. त्या संध्याकाळी दादांच्या खोलीत मंडळाचा तिसरा माणूस कुणी नव्हता, त्यामुळे कुणी कळवलं हे त्याला कुणी सांगायची गरजच नव्हती. मी मात्र त्याच्या बॅगेला दोरी बांधत बसलो. तो एवढंच म्हणाला, "घट्ट नको बांधू रे, कस्टमवाले उघडतील."

त्याचे वडील त्यांच्या तालुक्यात मंडळाचे केंद्रप्रमुख होते. भर सभेत मुलाच्या चुकीचं पत्र वाचलं गेलं, आणि त्या माणसाने घरी येऊन मुलाला ओटीवर झोपायला सांगितलं. दोन वर्षांनी वडील गेले तेव्हा सदाला अग्नी देऊ दिला नाही. धाकट्या भावाने दिला. सदा गर्दीच्या मागे उभा होता म्हणे. एका भाकरीच्या तुकड्यापायी! शेवटी तुकारामदादांनीच खटपट करून त्याला परत इकडे आणलं, हिद्दच्या एका गोदामात फोर्कलिफ्टवर लावलं, आणि आपल्या शेजारची गच्चीवरची खोली दिली. तो तिथे शेवटपर्यंत राहिला. लग्न केलं नाही. मी? मी दोन वर्षं पूर्ण केली, प्रमुख झालो, माझ्या खांद्यावर शाल पडली, मंडळाच्या ओळखीने इथेच अकाउंटंटची नोकरी लागली. आता झिंजमध्ये फ्लॅट आहे, मुलगी मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते, सगळं यथासांग. मंडळ कधी सुटलं ते कळलंही नाही. परवा मुख्य केंद्राच्या जुन्या प्रमुखांना फोन करून सदा गेल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "कोण सदानंद?" आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "हां हां, तो घसरलेला. असो, हरीची इच्छा." मी फोन आपटला. पण मी कुणावर रागावतोय?

हे बेट केवढंसं आहे! झिंजहून जिदहफ्सला गाडीने पंधरा मिनिटं लागत नाहीत. मला एवढी वर्षं पुरली नाहीत. तो मला तीनदा दिसला. एकदा दवाखान्यात, एकदा गणपतीच्या कार्यक्रमात, आणि शेवटचा दोन वर्षांपूर्वी सुपरमार्केटमध्ये. केस पांढरे झालेले, कामाचा निळा युनिफॉर्म. "काय वर्गप्रमुख," म्हणाला, "वजन वाढलं तुझं." मी हसलो. तो म्हणाला, "ये की एकदा खोलीवर. शुक्रवारी मी असतोच." मी म्हटलं, "येतो, इंशाल्ला." इथे इंशाल्ला म्हणजे बहुतेक वेळा नाहीच, ते त्यालाही माहीत होतं. तो कधी त्या पत्रकाबद्दल एक अक्षर बोलला नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्यालाच मी माफी समजून बसलो होतो. केवढी सोय करून घेतली मी माझी!

फोननंतरच्या शुक्रवारी मी जिदहफ्सला गेलो. तेच जिने. तुकारामदादा थकलेत, सदाला अग्नी त्यांनीच दिला. सदाच्या भावाने फोनवर सांगितलं होतं, तिकडंच उरका. मी खाली बसलो आणि म्हटलं, "दादा, वहिनी, मला एक सांगायचंय. तेव्हा ते पत्रक…" वहिनींनी हाताने थांबवलं. "म्हायतीय. तो परत आला त्याच वर्षी त्यानं आम्हाला सांगितलेलं." मी म्हटलं, "मग तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत?" "तोच बोलू द्यायचा नाय. म्हणायचा, वहिनी, तो वाईट नाय. तो एक ना एक दिस येऊन सांगंल. आपणच विषय काढला तर त्याला सांगायला काय उरंल?" दादा मान खाली घालून म्हणाले, "शुक्रवारी आम्ही पोरांना घेऊन समुद्रावर जायचो. हा कधी यायचा नाय. म्हणायचा, तुम्ही जा, त्याला आज सुट्टी असते." त्याला म्हणजे मला, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

मग माझा बांध फुटला. "वहिनी, मी चुकलो, मी जळत होतो त्याच्यावर, मी खोटं…" मंगलवहिनी उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण मला आजवर कुणी इतकं लागेल असं बोललं नाही. "आम्हाला सांगून मोकळे होऊ नका, साहेब. ते ऐकायचा हक्क त्याचा होता." हे लिहितोय तेही त्यांना आवडणार नाही. मला माहीत आहे.

निघताना त्याच्या खोलीवरून गेलो. दार सताड उघडं होतं. आत कॉट, भिंतीला टांगलेला युनिफॉर्म, आणि पाहुण्याला बसायला म्हणून एक खुर्ची. मी तिथेच थांबलो… वहिनी मागून म्हणाल्या, "शुक्रवारी उघडंच ठेवायचा तो. आता ओढून घ्या."

मी दार ओढून घेतलं.