अंतूची दहा मिनिटं

गेल्या रविवारी सांगलीत एका फादरनं मला परीक्षेला बसवलं... तेही बायकोसकट.

फादर म्हणजे आमचा अंतू. साताऱ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर. संस्कृतात मी पहिला यायचो, तो माझ्या वहीवरून पास व्हायचा. आता तो सांगलीच्या एका चर्चमध्ये आहे आणि महिन्यातून एकदा, मिस्सा म्हणजे रविवारची उपासना झाल्यावर, नवरा-बायकोच्या जोड्यांना घेऊन बसतो. स्वतः ब्रह्मचारी! पाण्यात न उतरलेला माणूस पोहायला शिकवतोय, असं मी त्याला वर्षानुवर्षं चिडवतो.

आम्ही सहज भेटायला गेलो होतो. म्हणाला, "सुनंदावहिनी, बसा. ह्यालाही बसवा. चहा नंतर."

पद्धत साधी. आधी प्रार्थना. मग प्रत्येकाला एक कोरा कागद... दहा मिनिटांत जोडीदाराला पत्र लिहायचं. मग कागदांची अदलाबदल. फादर त्यात डोकावणार नाही.

कागद हातात आला आणि मला एकदम साताऱ्याची गल्ली आठवली...

निम्मी घरं फौजेतली. पुरुष सीमेवर, बायका घरी, आणि बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नसे. आलेली पत्रं अंतू वाचून दाखवायचा, उत्तरं मी लिहायचो. माझं अक्षर वळणदार, आणि भाषा... काय सांगावं! शेजारच्या मार्थाकाकूंनी एकदा सांगितलं, "लिव्ह, म्हस व्यायली, समदं ब्येस हाय, कवा येताय?" मी सुरुवात केली 'हे प्राणनाथ' अशी. पुढे विरह, मेघ आणि एक चातक.

काका तातडीची रजा काढून हजर! आमच्या आईला विचारत होते, "वैनी, हिला झालंय तरी काय? बरी हाय न्हवं?"

माझी लेखणी त्याच दिवशी जप्त झाली. मग उत्तरंही अंतूच लिहू लागला, काकू बोलतील तसंच. पत्र वाचून झालं की त्या म्हणायच्या, "आता त्यांच्यासाठी प्रार्थना म्हण रं." ओट्यावर उभा राहून, डोळे मिटून तो म्हणायचा. मला वाटतं, तो फादर तिथंच झाला... दीक्षा नंतरची. एकदा मी फारच चिडवलं तेव्हा म्हणाला होता, "लग्न केलं नाही गड्या, पण लग्नं वाचत आलोय लहानपणापासून."

असो. हॉलमध्ये आमच्या पुढं एक तरुण जोडी होती, सुनील आणि रेश्मा. (नावं बदललीत.) सुनील फौजेत, दुसऱ्या दिवशी रजा संपणार. रेश्मानं चर्चच्या अंगणातच सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "उद्या हे ड्युटीवर, मी रहिमतपूरला आईकडं. परत यायची न्हाई. वर्सभर फोनवर 'जेवलीस का' सोडून एक शब्द न्हाई ह्यांचा!"

पाच मिनिटं झाली, सुनीलचा कागद कोराच. शेवटी हळूच माझ्याकडं वळला. "काका, तुमी पेपरात लिवता न्हवं? काय लिवू, सांगा की..."

मी कर्तव्यभावनेनं पेनाचं टोपण काढलं. खांद्यावर हात पडला. अंतू!

"तू नको. पुन्हा चातक आणशील." मग सुनीलकडं वळून, अगदी हळू, "वेदीपुढं तिला शब्द तू दिलास, ह्या काकानं नाही. 'जेवलीस का'च्या पुढं जे बोलायचं राहतं ना, तेवढंच लिही. देव शुद्धलेखन तपासत नाही."

पोरानं दीड ओळ लिहिली.

रेश्मानं वाचली. घडी घातली. पुन्हा उघडली... काय लिहिलं होतं मला माहीत नाही, आणि जन्मभर बातमीदारी करूनही ते कळावंसं वाटलं नाही. तिनं कागद पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "गाडी कितीची हाय?"

"सातची."

"मग पाचला उठाय पायजे. डबा करायचाय. आन् ठेसनावर मी येणार हाय."

"आन् रहिमतपूर?"

"ऱ्हाऊ दे आता."

अंतू खिडकीपाशी डोळे मिटून उभा होता. मार्थाकाकूंच्या ओट्यावर उभा राहायचा, अगदी तसा.

माझं पत्र? कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. सुनंदानं शांतपणे वाचलं आणि परत दिलं. "छान आहे. आता खरं लिहा."

घरी येऊन लिहिलं. दीडच ओळ झाली... तिनं ती कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली आहे.

अंतू, ह्या वेळी मी तुझ्या वहीवरून पास झालो रे.