तात्यांसाठी थांबलेली टॅक्सी

शेजारच्या तात्यांची अंत्ययात्रा चौकात आली, तेव्हा समोरून येणारी बिनड्रायव्हरची टॅक्सी आपणहून थांबली. हॉर्न नाही, घाई नाही. नावं ठेवायला जागाच नव्हती.

तात्या जन्मभर ट्रक चालवायचे. वाटेत कुणाची तिरडी दिसली की ट्रक बाजूला घेऊन हात जोडायचे. "ओळखीचं होतं कुणी?" एकदा त्यांच्या शेजारी बसून जाताना मी विचारलं.

"माणूस होता ना," ते म्हणाले.

टॅक्सीत मागे एक मुलगी मोबाइल बघत होती. गाडी का थांबली हे पाहायला तिने मान वर केली नाही. आता त्याची गरजच उरलेली नाही. खांदा देत मी पुढच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिलो.

वाट मोकळी होताच टॅक्सी निघाली. तिच्या लेखी रस्त्यात काहीतरी आडवं आलं होतं, एवढंच.